धागा: समुद्राजवळच्या घरासाठी साठ हजारांत गेमिंग पीसी. काय घ्यावं, जे इथे टिकेल?

मोरजीकर_तेजस | १४ जून २०२५, रात्री १०.४०

मंडळी, मदत हवी आहे. आमचं घर मोरजीला, दर्यापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं. तीन वर्षांत माझे दोन माऊस गेले, एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं. हेडसेटच्या कानांवरचं काळं कातडं सोलून गालाला चिकटायला लागलं. कीबोर्डची ‘पुढे चाल’ची कळ मध्येच अडते. आणि बाबांचा जुना पीसी मे महिन्यातल्या गडगडाटात एका रात्रीत गेला.

आता नोकरीला वर्ष झालं. माझी बचत आणि आईची भिशी मिळून साठ हजार जमलेत, मॉनिटर धरून. खेळायचं म्हणजे व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, फोर्झा होरायझन ५, आणि रविवारी चुलत भावंडांबरोबर कंट्रोलरवर ईफुटबॉल. यूट्यूबवर याद्या ढीगभर आहेत, पण सांगणारे दिल्ली-बंगळुरूचे. खाऱ्या हवेत काय टिकतं ते कुणीच बोलत नाही. तुमच्याकडे काय टिकलं ते सांगा. परत परत घेण्याइतके पैसे नाहीत.

पराग_फोंडा | १४ जून, रात्री ११.१५

भागांचं आधी सांगतो, ते सोपं आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीचे दोन डीडीआर४ रॅम, साठवणीला ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, आणि ग्राफिक कार्ड आरएक्स ६६००. १०८०पी (फुल एचडी) वर तू सांगितलेले सगळे खेळ मस्त चालतील. रॅमची एकच १६ ची पट्टी घेऊ नकोस. दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटांनी माहिती जाते, खेळात फरक कळतो. आणि घेणार असशील तर लवकर घे. कंपन्या डीडीआर४ बनवणं कमी करतायत, भाव चढायला लागलेत.

मडगाव_९७ | १५ जून, सकाळी ८.०५

पराग, एवढ्या बजेटला माझं मत इंटेलचा आय३ १२१००एफ प्रोसेसर. चार कोअर, आठ थ्रेड, बोर्डही स्वस्त. वाचलेले चार-पाच हजार मॉनिटरला जातील. व्हॅलोरंटला याहून जास्त काय लागतं?

पराग_फोंडा | १५ जून, सकाळी ९.३०

व्हॅलोरंटपुरतं पुरेल. पण खेळता खेळता मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, रेकॉर्डिंग चालू असतं तिथे सहा कोअर कामाला येतात. उलट नवं कार्ड बजेटात बसलंच नाही तर ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक कमी सेटिंगवर खेळशील आणि सहा महिन्यांनी कार्ड जोडशील. फक्त ५६००जी मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई ३.० ने चालतो. म्हणून कार्ड आजच घेणार असशील तर साधा ५६०० च बरा.

चिरेबंदी | १५ जून, दुपारी १.५०

तेजस, एक विचारतो. बाबांच्या जुन्या पीसीच्या पत्र्याला उघड्या पायांनी हात लावला की झिणझिण्या यायच्या का?

मोरजीकर_तेजस | १५ जून, दुपारी २.१०

हो! पावसात जास्त. आम्हाला वाटायचं सगळ्याच पीसीला तसं होतं. आई म्हणायची चप्पल घालून बस.

चिरेबंदी | १५ जून, दुपारी ३.४५

मग प्रोसेसर राहू दे बाजूला. मी बावीस वर्षं वायरिंगची कामं करतो, बार्देस आणि पेडण्यात. तुझ्या घरात अर्थिंग नाही, किंवा आहे ते तुटलेलं आहे.

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग असलं की त्यातून येणारी किंचित गळती जमिनीत जाते. नसलं की पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आतली वायर खरोखर पत्र्याला लागली, तर तो प्रवाह जायची वाट एकच: तू. चपलेने झिणझिण्या थांबतील, दोष तसाच राहील.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा मारला की पावसात तो छान काम करतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत. नेमकं त्याच महिन्यात गडगडाट सुरू होतो. खड्ड्यात पाइप, भोवती कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी, एवढं लागतं. पाणी घालायचं लोक विसरतात. वायरमनकडून मीटर लावून बघून घे: फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रलइतकंच दाखवायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घे. स्वतः बोर्ड उघडू नकोस.

डिचोलीतले_मास्तर | १५ जून, रात्री ८.२०

चिरेबंदींच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. मी खाऱ्या हवेचं सांगतो, बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे.

आईची मिठाची बरणी जूनमध्ये कशी पाझरते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. दर्यावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात, ते पीसीच्या आत धुळीबरोबर बसतात. उन्हाळ्यात ते नुसतं मीठ. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसचे दिवस ८० च्या वर राहते, तेव्हा त्याच कणांची खाऱ्या पाण्याची पातळ साय होते. तिच्यातून वीज वाहते आणि तांबं-पितळ कळकतं. चिंचेचं सार पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवल्यावर होतं तसंच.

उपाय त्यातूनच निघतो. चालू पीसी आतून कोमट असतो, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहते. म्हणून पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद ठेवू नये, रोज तासभर तरी चालवावा. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी, मेच्या शेवटी, आतली धूळ काढावी. धूळ काढली की मीठही जातं.

सावंतवाडी_एक्स्प्रेस | १५ जून, रात्री ९.००

सर, बरणीत तांदळाचे दाणे टाकतात तसं कॅबिनेटमध्ये सिलिका जेल टाकलं तर?

डिचोलीतले_मास्तर | १५ जून, रात्री ९.२५

बंद डब्यात चालतं. कॅबिनेटला पंखे आहेत, सतत नवी हवा आत येते, जेल एका दिवसात भरून जाईल. कंट्रोलर, हेडसेट, माऊस वापरून झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात जेलबरोबर ठेवा, तिथे खरा उपयोग.

वाळपईची_आर्या | १६ जून, सकाळी ११.३०

मास्तरांचं पटलं, पण सगळं दर्यावर टाकू नका. मी वाळपईत राहते, समुद्र कुठच्या कुठे, तरी आमच्याकडेही माऊस दोनदा क्लिक करतात. मी माऊस-कंट्रोलर दुरुस्त करते, आतापर्यंत शंभरएक उघडले असतील.

माऊसच्या बटणाखाली एक बारीक डबी असते, तिच्यात तांब्याची लवचिक पट्टी. दाबलं की पट्टी खालच्या टोकाला टेकते. जास्त दाबाची वीज असली तर टेकताना बारीक ठिणगी पडून पट्टीवरचा मळ जळून जातो. पण आताचे माऊस, विशेषतः बिनवायरचे, इतक्या कमी व्होल्टवर चालतात की तो मळ जळतच नाही. दमट हवेत पट्टीवर थर चढत जातो, जोड लागतो-सुटतो, आणि संगणकाला वाटतं दोनदा दाबलं. म्हणून खोक्यावरचा ‘पाच कोटी क्लिक’ हा आकडा आपल्याकडे फारसा उपयोगी नाही. तो पट्टी तुटेपर्यंतचा असतो, कळकण्याचा नाही.

दोन वाटा आहेत. एक, ऑप्टिकल स्विचचा माऊस. त्यात दाबल्यावर प्रकाशाचा झोत अडतो किंवा मोकळा होतो, धातूला धातू टेकतच नाही, म्हणून हा रोग होत नाही. रेझर कंपनीने २०१९ मध्ये माऊसमध्ये असे स्विच आणले, आता बऱ्याच जणांकडे मिळतात. दुसरी, साधा वायरचा माऊस घ्यायचा आणि स्विच बदलायची तयारी ठेवायची. नवा स्विच चहा-भज्यांच्या किमतीत येतो, डाग देणारा (सोल्डरिंग करणारा) माहितगार हवा. सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची वेळ (एका क्लिकनंतर पुढचा मोजण्याआधी थांबायचा अवधी) वाढवता येत असेल तर तेवढ्यावर अजून काही महिने निघतात.

तेजस, ते दोन जुने माऊस टाकलेस का?

मोरजीकर_तेजस | १६ जून, दुपारी १२.०५

नाही, खणात आहेत.

वाळपईची_आर्या | १६ जून, दुपारी १२.१०

टाकू नकोस.

काणकोण_कीबोर्ड | १६ जून, रात्री १०.००

कीबोर्डवर मी बोलतो. पाळोळ्याजवळ राहतो, त्यामुळे खारी हवा मलाही चुकलेली नाही. माझं मत: मेकॅनिकलच घे (प्रत्येक कळीला वेगळा स्विच), पण हॉट-स्वॅप. म्हणजे स्विच चिमट्याने उपटून नवा खोचता येतो, डाग द्यावा लागत नाही. मेंब्रेन कीबोर्डात सगळ्या कळांखाली एकच पडदा, एक कळ गेली की पूर्ण कीबोर्ड गेला. हॉट-स्वॅपमध्ये मी चार वर्षांत पाच स्विच बदललेत, बाकी जसाच्या तसा. वायर सुटी होणारी, टाइप-सी. वायर तुटली तर वायरच घ्यायची. कळांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या, एबीएस प्लास्टिकच्या बोटांच्या तेलाने लवकर चकचकीत होतात. दिवे नसले तरी चालेल.

आणि रात्री वर सुती कापड. प्लास्टिक नको, आत दमट हवा कोंडते.

पणजी_टर्न | १६ जून, रात्री १०.४५

हेडसेटचं कातडं सोलणं हा आपल्याकडचा ठरलेलाच त्रास. ते पॉलियुरेथेन असतं, दमट हवेत त्याचं विघटन होतं. वापरा किंवा कपाटात ठेवा, दोन-तीन पावसाळ्यांत जातंच. घेताना एकच बघायचं: कानाच्या गाद्या सुट्या निघतात का, आणि कापडी मिळतात का. माझ्या कापडी गाद्या सहा वर्षं चालल्यात. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच लावायच्या, नाहीतर बुरशी येते.

शिरोड्याचा_फुटबॉलर | १७ जून, सकाळी ७.१५

कंट्रोलर हॉल इफेक्टचाच घे, तेजस. साध्या कंट्रोलरमध्ये अंगठ्याने फिरवायच्या काडीखाली कार्बनची पट्टी घासली जाते, ती झिजली की खेळाडू आपोआप डावीकडे धावायला लागतो. हॉलमध्ये चुंबक आणि सेन्सर, घासणारं काहीच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटीच हे होतं, मध्ये सगळे विसरले. आता गेमसर, ८बिटडू, गुलिकिट या कंपन्यांकडे दोन-चार हजारांत मिळतो. फक्त बाकीची बटणं साधीच असतात, ती जाऊ शकतात.

मडगाव_९७ | १७ जून, सकाळी ९.४०

एवढा व्याप करण्यापेक्षा लॅपटॉप का नाही? वीज गेली तरी चालतो, गडगडाट झाला की प्लग काढायचा. माझ्या भाच्याने घेतला, खूष आहे.

पराग_फोंडा | १७ जून, सकाळी १०.२०

साठ हजारांत चांगल्या कार्डाचा लॅपटॉप आणि वर मॉनिटर बसत नाही. आणि आर्याताई, काणकोणवाले जे सांगतायत तेच लॅपटॉपला उलटं लागू होतं: कीबोर्ड, पंखा, चार्जिंगचं भोक, एक काही गेलं की पूर्ण यंत्र दुकानात. पीसीचा एकेक भाग सुटा बदलता येतो. खाऱ्या हवेत हाच मोठा फायदा.

मडगाव_९७ | १७ जून, सकाळी १०.५५

हे मान्य. लॅपटॉपचं मागे घेतो. पण यूपीएस मग हवाच.

चिरेबंदी | १७ जून, दुपारी २.३०

यूपीएस हवाच, आणि ६०० व्हीएचा नको. ६०० व्हीए म्हणजे वॅटमध्ये साधारण ३६०. परागच्या यादीतला पीसी खेळताना अडीचशे वॅट घेईल, वर मॉनिटर. आकड्यात बसतं, पण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्या-पायऱ्यांची वीज देतो, आणि आताच्या एसएमपीएसना ती कधी कधी मानवत नाही, पीसी पटकन रीस्टार्ट होतो. १००० व्हीएचा घे. पाच-दहा मिनिटं मिळतात, खेळ सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, ते मनात धरून चाल.

एसएमपीएस ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो कधीच नाही. ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. आतली संरक्षणं बरी आहेत का, ते त्यातून कळत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं बघायची.

गडगडाटाला यूपीएसवर विसंबू नको. भिंतीतला प्लग काढायचा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही. लोक प्लग काढतात आणि लॅन तशीच ठेवतात. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीत असतो आणि तिथून तांब्याच्या लॅनने थेट मदरबोर्डात. बाबांचा पीसी असाच गेला असेल असं मला वाटतं.

मोरजीकर_तेजस | १७ जून, दुपारी ३.००

भाई, प्लग काढला होता. लॅन लावलेली होती.

म्हापशेकर_जुना | १८ जून, रात्री ९.१०

हा धागा वाचून म्हापशातलं सायबर कॅफे आठवलं. तासाला वीस रुपये, चार मित्र, काउंटर-स्ट्राइक १.६, आणि शुक्रवारच्या बाजाराला पाठवलेल्या पिशव्या पायाशी. तिथले कीबोर्ड वर्षानुवर्षं चालायचे. आता मास्तरांचं वाचून कारण कळलं: दिवसभर एसी चालू असायचा, हवा कोरडी.

वापरलेल्या कार्डाबद्दल सांगतो, कारण नव्याने तुझं बजेट फुटेल. मी तीन घेतलीत. आरएक्स ५८० च्या मोहात पडू नकोस, २०१७ चं कार्ड आहे, २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या खाणकामात (ते कमावण्याच्या आकडेमोडीत) अशी कित्येक कार्डं रात्रंदिवस राबलीत. त्यात ‘२०४८एसपी’ नावाचं कमी ताकदीचं भावंडही ५८० म्हणून विकलं जातं. ६६०० बघ, तेही बिलासकट, वॉरंटी शिल्लक असलेलं. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास खेळ चालवून बघ, पंख्याचा आवाज ऐक, पडद्यावर रंगीत ठिपके येतायत का बघ. आणि टॉर्च मारून एचडीएमआयच्या भोकात आणि मागच्या पट्टीच्या स्क्रूवर नजर टाक. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर कार्ड किनाऱ्यावर राहिलेलं आहे, सोडून दे.

पराग_फोंडा | १८ जून, रात्री ९.५०

उत्तम सांगितलंत. एक जोडतो: कॅबिनेट काचेचं बंद तोंडाचं नको, पुढे जाळी आणि जाळीमागे धुऊन काढता येणारा फिल्टर असलेलं. आणि विंडोज ११ च टाक, १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच आहे. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षा सोयी मागतं, दोन्ही बायोसमधून (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधून) चालू करायच्या असतात. नवा बोर्ड असून खेळ उघडत नाही म्हणून घाबरू नकोस.

मोरजीकर_तेजस | १४ सप्टेंबर, रात्री १०.३०

मंडळी, उशिरा लिहितोय. मध्ये गणपतीची चवथ आली. गणपतीवर माटोळी बांधायची, पाच दिवस पाहुणे, कुरियरही ठप्प.

सर्वांत आधी वायरमनला बोलावलं. चिरेबंदी भाईंनी सांगितलं तसंच निघालं: खड्डा आहे, पण त्याच्याकडून येणारी तार भिंतीपाशी गंजून तुटलेली. म्हणजे पूर्ण घराला अर्थिंगच नव्हतं. फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं तसंच चालू होतं. नवा पाइप, नवी तार, आरसीसीबी, मिळून सात हजार. ते बाबांनी दिले. म्हणाले, हे पीसीचं नाही, घराचं आहे. आई आता पंपाचा स्विच बिनचपलेची लावते.

मग पीसी. ५६००, बी५५०, ८+८ रॅम (तोवर महागला होता, परागने सांगितलेलं तेव्हाच घ्यायला हवं होतं), ५०० जीबी, ५५० वॅटचा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट. ६६०० वापरलेलं घेतलं, साडेतेरा हजारांना, दीड वर्ष वॉरंटी शिल्लक. त्याआधी कळंगुटला एक बघितलं होतं, हजारांनी स्वस्त. टॉर्च मारली तर स्क्रू हिरवे. सोडलं. मॉनिटर २४ इंची, १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर चित्रं). पहिले दोन दिवस ६० वरच चालला, सेटिंगमध्ये बदलावं लागतं हे मला माहीत नव्हतं. यूपीएस १००० व्हीए. हॉट-स्वॅप कीबोर्ड धरून एकसष्ट हजार आठशे झाले. कंट्रोलर दिवाळीला.

पत्र्याला हात लावून बघितला, उघड्या पायांनी, पाऊस असताना. काहीच नाही. चवथीत वाड्यावरचे दिवे लागले की वीज खाली-वर होत होती, यूपीएस टकटक करत होता, पीसी एकदाही बंद पडला नाही.

माऊस मात्र घेतलेला नाही. बजेट संपलं. सध्या ऑफिसचा वापरतोय.

वाळपईची_आर्या | १५ सप्टेंबर, सकाळी ८.००

खणातले दोन्ही घेऊन शनिवारी म्हापशाला ये. मी स्विच आणते.

मोरजीकर_तेजस | १५ सप्टेंबर, सकाळी ८.१०

आणतो. चवथीच्या नेवऱ्या अजून डब्यात आहेत, त्याही आणतो. देव बरें करूं.

वाळपईची_आर्या | २० सप्टेंबर, रात्री ९.१५

दोन्ही उघडले. एकाची पट्टी कळकली होती, चक्राच्या दांडीलाही गंज, त्याचे पाय आणि वायर काढून ठेवलीत, कुणाला लागतील. दुसऱ्याला दोन स्विच घातले. तेजसने तिथेच टपरीवर लॅपटॉप उघडून शंभर क्लिक मोजले, शंभरच आले.